टिटवी माळावर होती

भोरच्या बापू शेट्यांनी माणसाला कधी 'अहो' म्हटलं नाही आणि पाखराला कधी 'अरे' म्हटलं नाही.

बाजारपेठेत तेलाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा फोटोचा कारखाना होता. 'कारखाना' हा त्यांचाच शब्द. तिथं एकदा संस्थानातले एक बडे अंमलदार जरीची पगडी घालून आणि मांडीवर तलवार घेऊन फोटोला बसले होते. बापू कॅमेऱ्यामागून ओरडले, "ए पगडी, हालू नको." अंमलदार असे दचकले की तलवार खाली पडली. आणि हेच बापू माळावर एखादा चंडोल दिसला की पायातल्या वहाणा काढून उभे राहत आणि हलक्या आवाजात म्हणत, "या. बसा. आमाला काय घाई न्हाई." पाखराला 'हालू नको' असं ते कधीच म्हणाले नाहीत. ते हलायचं थांबेपर्यंत स्वतःच थांबत, मग दुपार जावो नाहीतर दिवस जावो.

मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायचो. बापूंच्या हिशेबात मीही माणसातच जमा, त्यामुळे इतक्या वर्षांच्या ओळखीत 'ए मास्तर'च्या वर मला बढती मिळाली नाही. याचा मला फार राग यायचा, कारण मी नुसता मास्तर नव्हतो, लेखक होतो. निदान माझं तसं ठाम मत होतं.

पुण्याच्या एका साप्ताहिकात मी 'सृष्टीच्या अंगणात' नावाचं सदर लिहीत असे. सृष्टी मी वर्गाच्या खिडकीतून पाहायचो. तिथून एक उंबर आणि हेडमास्तरांची सायकल एवढंच दिसे. तेवढ्या भांडवलावर मी सव्वा वर्ष रेटलं. कोकिळा झाली, मोर झाला, चक्रवाक झाला, आणि सगळं संपल्यावर मी भोरच्या नदीत राजहंस सोडले. एका वाचकानं पत्र पाठवून विचारलं की हंस नेमके कुठल्या घाटावर दिसतात, मुलांना दाखवायचे आहेत. मी बेधडक कळवलं की ते नुकतेच मानसरोवराकडे गेले.

मग दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी संपादकांचं पत्र आलं. आता इतर साप्ताहिकांतून निसर्गावरच्या लेखांबरोबर फोटो येतात, तुम्हीही फोटो पाठवा, नाहीतर सदर आवरा. मी त्याच संध्याकाळी बापूंच्या माडीचा जिना चढलो.

बापूंकडे पाखरांच्या काचेच्या प्लेटा पेट्या भरभरून पडल्या होत्या. धोबी, खंड्या, गिधाडं, वडाच्या ढोलीतले पिंगळे. माणसांचे फोटो पोटासाठी आणि हे आपल्यासाठी. ते फोटो द्यायला लगेच तयार झाले, पण एक अट घातली. त्यांना अक्षर लावून लावून वाचावं लागे, म्हणून मी लेख पाठवण्याआधी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा.

मला वाटलं, बरं झालं, रसिक श्रोता मिळाला. मी पिंगळ्यावरचा लेख घेऊन गेलो. पहिलं वाक्य होतं, 'तिन्हीसांजेच्या उदास छायेत हा एकाकी तपस्वी विश्वाच्या दुःखाने व्याकूळ होऊन अश्रू ढाळतो.' बापूंनी हात वर केला.

"बघितलंस?"

"काय?"

"रडताना. त्यास्नी रडताना तू बघितलंस?"

"बापू, ही कल्पना आहे."

"मग खोड."

असं प्रत्येक वाक्याला. बघितलंस? नाही. खोड. तासाभरात माझ्या नऊ पानांचा लेख पुढीलप्रमाणे उरला: 'वडाच्या ढोलीत तीन पिंगळे आहेत. एक मोठा आहे. तो मान मागे वळवतो.' हा मजकूर तसाच छापून आला आणि संपादकांचं कौतुकाचं पत्र आलं की आपली शैली अलीकडे फार सुधारली आहे. बायकोनं ते पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. मी ते पत्र ट्रंकेच्या तळाशी टाकलं.

त्या माडीवर भिंतीला एकच माणसाचा फोटो होता, बापूंच्या बायकोचा. ती मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली होती, लग्नाला चार वर्षं झाली असताना. खुर्चीत बसलेली, काठाचं लुगडं, आणि चेहरा इतका रेखीव की अगदी देवळातल्या मूर्तीसारखा. बापूंना खूश करावं म्हणून मी एकदा म्हणालो, "काय डोळे आलेत हो वहिनींचे. जिवंत आहेत अगदी." बापू उठले, माझी टोपी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घरी जा, मास्तर." चांगलं बोलायला गेलो आणि असं झालं. विक्षिप्त माणूस, दुसरं काय, असं म्हणत मी जिना उतरलो.

त्या वर्षी वैशाखात बापू सकाळीच शाळेच्या खिडकीशी आले, उंबर आणि सायकल यांच्या मधोमध, आणि म्हणाले, "वेल्ह्याकडं टिटवीबाईंनी अंडी घातल्यात. चल."

वेल्ह्याच्या अलीकडे एका वाडीत हौसाबाई म्हणून एक विधवा बाई होती. तिच्या मुरमाड माळावर ती चार अंडी होती. आता शहरातल्या वाचकाला वाटेल की चार अंड्यांचं एवढं काय. पण त्या खोऱ्यात टिटवीच्या अंड्यांवर गावंच्या गावं डोळे लावून बसतात. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस दांडगा, आणि नदीच्या पात्रात घातली तर पाऊस ओढ देणार. त्यावरून यंदा भाताचं रोप किती टाकायचं, का नाचणी-वरीवरच भागवायचं, हे ठरतं. हौसाबाईची अंडी चांगली उंचावर होती. तिनं त्या माळावर गुरं सोडायची बंद केली होती आणि खोरंभर सांगितलं होतं की यंदा रोपासाठी राब जास्त भाजा, भात मायंदाळ लावा.

आम्ही मोटारीनं नसरापूरला आणि तिथून बैलगाडीनं गेलो. बापूंनी कॅमेरा करवंदीच्या फांद्यांत दडवला. त्याला लांब रबरी नळी, नळीच्या टोकाला फुगा. फुगा दाबला की फोटो निघणार. फुगा हातात घेऊन बापू घोंगडीखाली दगडासारखे बसले आणि दुसऱ्या घोंगडीखाली मी.

पहिल्या दिवशी मी शिंकलो. टिटवी उडाली आणि आमच्या डोक्यावर तासभर शिव्या देत फिरली. घोंगडीखालून बापूंचा आवाज आला, "माफी करा, बाई. मास्तर नवा हाय." दुसऱ्या दिवशी माझ्या धोतरात मुंग्या शिरल्या. त्या वेळी मी जे केलं ते लिहिण्यासारखं नाही, पण हौसाबाईच्या घरापर्यंत ऐकू गेलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी अंगाची काहिली होत असताना मला घोंगडीखाली डुलकी लागली. फुग्याच्या आवाजानं जाग आली तेव्हा बापू घोंगडी फेकून उभे होते आणि हात जोडून टिटवीला म्हणत होते, "उपकार झालं, बाई." मग ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मास्तर, बघितलंस?"

आणि मी म्हणालो, "हो."

दुसरं काय म्हणणार? तीन दिवस त्या माणसानं मला जवळ बसू दिलं होतं. झोपलो होतो असं कुठल्या तोंडानं सांगू? परतीच्या गाडीत त्यांच्याच बोलण्यातून मला कळलं की मी काय बघितलं. ऊन चढलं की टिटवी खाली नदीवर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर उभी राहते, म्हणजे अंडी उन्हात शिजत नाहीत. बापू वाटभर तेच तेच सांगत होते आणि मी "हो ना, हो ना" करत होतो.

घरी आलो तर संपादकांचं पत्र येऊन पडलेलं, लेख उद्याच्या टपालानं हवा. बापूंना वाचून दाखवायला वेळ नव्हता असं मी मनाशी म्हटलं. खरं तर वेळ होता, धीर नव्हता. ते एखादी गोष्ट खोदून विचारतील आणि माझी डुलकी बाहेर पडेल ही भीती. शिवाय बऱ्याच दिवसांत मला कोणी मनासारखं लिहू दिलं नव्हतं. हात नुसते शिवशिवत होते. 'मुरमाड माळ' हे शब्द काही माझ्या लेखणीतून उतरेनात. आणि मला टिटवीची दयाही आली. पाण्यासाठी बिचारीनं एवढा फेरा का घालावा? मी अंडी उचलली आणि नदीच्या पात्रात नेऊन ठेवली. 'गुंजवणीच्या मऊ वाळूत, लाटांची अंगाई ऐकत चार अंडी पहुडली होती.' हे वाक्य लिहून मी स्वतःच दोनदा मोठ्यानं वाचलं.

लेख आला. फोटोही आला, पण जागा कमी पडली म्हणून त्यांनी मागचा तोरणा आणि माळ कापून टाकला होता. नुसती टिटवी आणि अंडी. मी खुशीत अंकाच्या जादा प्रती मागवल्या. एक वेल्ह्याच्या शाळेला धाडली, एक कामथडीला माझ्या सासऱ्यांना. सासऱ्यांनी जावयाचं नाव छापून आलेलं पाहून तो अंक देवळात जाहीर वाचला, मग चावडीत वाचला, आणि मग नसरापूरच्या बाजारात भेटेल त्याला थांबवून वाचला.

आठ-दहा दिवसांनी मी बापूंच्या माडीवर बसलो असताना जिन्यावर पावलं वाजली. हौसाबाई होती. वेल्ह्याकडून गाडी-मोटार न करता चालत आली होती. पायांवर धूळ, हातात तो अंक. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"फोटूवालं," ती बापूंना म्हणाली, "माजा माळ नदीत कवा गेला?"

बापूंना काही कळेना. मग तिनं सांगितलं. अंडी नदीत आहेत असं छापून आल्यावर साऱ्या खोऱ्यात बोंब झाली की यंदा पाऊस नाही. कामथडीकडच्यांनी भाताचं रोप टाकायचं थांबवलं. तिच्या वाडीतल्यांनी तर अंडी डोळ्यांनी पाहिली होती, पण ते म्हणाले, आपण पाहिली ती एकाच टिटवीची अंडी, छापलेलं आहे ते खरं. भावकीनं तिला खोटी ठरवलं. तिनं एकटीनं रोप टाकलंय. भाताची लावणी एकटीनं होत नाही, सगळ्यांनी मिळून आज याच्यात, उद्या त्याच्यात अशी करावी लागते. बाकी कोणी भातच लावणार नसेल तर तिच्या खाचरात कोण उतरणार? "तुमी म्हणला हुता, पलेट खोटं बोलत न्हाई. म्हनून म्या तुमाला माळावर बसू दिलं."

बापूंनी मला अंक वाचायला सांगितला. मी वाचला. मऊ वाळू, लाटा, अंगाई. माझी ती वाक्यं त्या माडीवर अशी वाजली की कान झाकून घ्यावेत. बापू नेहमीसारखा हात वर करतील म्हणून मी प्रत्येक वाक्याला थांबत होतो. त्यांनी एकदाही हात वर केला नाही. सगळं झाल्यावर हळूच विचारलं, "त्या दिवशी माळावर. बघितलंस?"

"नाही, बापू. मला झोप लागली होती."

माझ्या हातातला अंक घेऊन त्यांनी हौसाबाईला परत दिला. मग मूळ प्लेटेवरून परातीएवढा मोठा फोटो करायला उठले. माळ, करवंद, मागं तोरणा, सगळं दिसेल असा. जाता जाता म्हणाले, "परवा नसरापूरचा बाजार हाय. तू येनार."

त्या बाजाराच्या दिवशी मला ताप यावा म्हणून मी आदल्या दिवशी काय काय केलं ते सांगत नाही. ताप आला नाही. बापूंनी एक रिकामी बैलगाडी पाहिली आणि मला तिच्यात उभं केलं. स्वतः तो मोठा फोटो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून खाली उभे राहिले. गर्दी जमायला वेळ लागला नाही. कोट, टोपी, उपरणं घातलेला मास्तर भर बाजारात बैलगाडीत उभा म्हटल्यावर भाजी कोण घेतो? मी खाकरून सुरुवात केली, "बंधुभगिनींनो, सदरहू पक्षिणीच्या घरट्याच्या स्थाननिर्देशात अनवधानाने काहीसा विपर्यास..."

"नीट सांग," खालून बापू म्हणाले.

मी डोळे मिटले. "टिटवी माळावर होती. मी खोटं लिहिलं."

मग हशा जो पिकला तो बैल बुजेपर्यंत. पुढच्या रांगेत माझे सासरे उभे होते. ते हसत नव्हते. सावकाश म्हणाले, "जावईबापू, मंग ते हंस?"

"हंसही नव्हते," मी म्हणालो.

एक म्हातारा शेतकरी फोटोला नाक लावून तोरणा ओळखत होता. त्यानं बापूंना विचारलं, म्हंजी यंदा पाऊस चांगला, असंच ना? मला वाटलं, आता बापू 'हो' म्हणतील आणि सगळंच सोपं होईल. हौसाबाईही त्यांच्याकडेच बघत होती. बापू म्हणाले, "पाऊस टिटवीला कळतो का न्हाई, ते म्या बघितलं न्हाई. अंडी कुठं हुती ते बघितलंय. तेवढं सांगतो." म्हातारा विचार करून म्हणाला की आम्हाला तेवढंच पायजे होतं, आणि रोपाचं बघायला म्हणून तडक घराकडे निघाला. त्याच्यामागं आणखी चौघे निघाले.

गर्दी पांगल्यावर हौसाबाईनं फोटो जवळ घेऊन पाहिला. "ही भिजलीय काय वो?" बापूंनी तिला ओल्या पोटाची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून बाई गाडीच्या चाकाशी खालीच बसली. म्हणाली, "माळ माजा. राखन म्या केली. आन हे म्या कवा बघितलं न्हाई." बापूंनी तो फोटो तिला देऊन टाकला. त्या वर्षी पाऊस ना दांडगा झाला ना त्यानं ओढ दिली, नेहमीसारखा झाला. हौसाबाईच्या खाचरात लावणीला अख्खी वाडी होती, हे मी जाऊन बघितलं आहे.

त्यानंतर आठवडाभर मी माडीकडे फिरकलो नाही. मग बापूंनीच बोलावलं. दुपारची वेळ होती. ते गच्चीत उन्हात बसले होते आणि समोर छापायची लाकडी चौकट होती. त्यात काचेची प्लेट, खाली कागद. उन्हात कागदावर चित्र हळूहळू चढत जातं.

"माझं चुकलं, बापू," मी म्हणालो.

"तू टिटवीला नदी दिलीस," ते म्हणाले. "म्या त्याच्याहून वंगाळ केलंय." मग चौकटीकडे बघत बघत सांगू लागले. लग्नानंतर चार वर्षं बायको म्हणत होती, माझा एक फोटो काढा. हे म्हणत, घरचं माणूस आहे, कधीही काढू. शेवटी एकदा बसवलं. 'हालू नको' म्हणून दरडावलं, भिंगावरचं टोपण काढलं. आणि ती हलली. चेहरा सगळा फिसकटला. हे तिला म्हणाले, प्लेट वाया घालवलीस, आता पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात मानमोडी आली.

"मंग म्या ब्रश घेतला. छापलेल्या फोटूवर डोळं काढलं, नाक काढलं, व्हट काढलं. मला येतंय ना ते. समदी म्हणाली, लई झ्याक, हुबेहूब. म्या भिंतीला लावला. रोज बघायचो." त्यांनी चौकट जरा उन्हाकडे वळवली. "आता डोळं मिटलं तरी म्या काढलेलीच दिसती, मास्तर. खरी हुती ती ग्येली. कशी हुती ते आता मला सांगता यायचं न्हाई."

मला त्या भिंतीवरच्या जिवंत डोळ्यांची आणि माझ्या टोपीची आठवण झाली. माझी मला इतकी लाज वाटली की बैलगाडीतली लाज काहीच नव्हे.

चौकटीतलं चित्र चढलं होतं. बापूंनी कागद काढला. खुर्ची स्पष्ट, लुगड्याचा काठ स्पष्ट, खुर्चीच्या हातावरची बोटं आणि त्यातली अंगठीसुद्धा स्पष्ट. गळ्याच्या वर मात्र नुसता पांढुरका झोत, एका बाजूला कललेला.

"हसल्या असतील," मी म्हणालो. आणि मग, माझी हिंमत कशी झाली कोण जाणे, पण मी विचारलं, "बापू, तुम्ही बघितलंत?"

त्यांनी मान हलवली. "न्हाई. म्या घड्याळाकडं बघत हुतो. शेकंद मोजीत हुतो."

भिंतीवरचा रेखीव फोटो त्यांनी त्याच दिवशी उतरवला आणि हा लावला. पुढे गिऱ्हाइकं हमखास विचारत, शेटे, एवढा कसबी माणूस तू, आणि हा बिघडलेला फोटो भिंतीवर कसा? बापू त्यांना हनुवटी खाली घ्यायला सांगत, डोक्यावर काळं कापड ओढत, आणि त्या कापडाच्या आतून म्हणत, "बिघडल्याला न्हाई. त्या हालल्या हुत्या."